रंग शेवटी, आधी इंजिन हाताने फिरवा : छोट्या जुन्या ट्रॅक्टरवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी 23 वर्षांचा. आजोबांचा एक सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा आयशर शेडमध्ये बरीच वर्षं पडून आहे. इंजिन जाम, पुली हलतच नाही. मित्र म्हणतात दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून गिअरमध्ये ओढ, सुटेल आपोआप. काहीजण म्हणतात आधी रंग मारून घे म्हणजे हुरूप येतो. सुरुवात कुठून करू? (कागल)

उत्तर : भावा, ओढायचा विचार आधी डोक्यातून काढ. जाम इंजिन ओढून सोडवायला गेलं की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम चार लिटर तेलात झालं असतं ते लायनर-पिस्टनवर जातं. 1959 साली आयशरने फरिदाबादला देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला, त्या घराण्यातलं हे मशीन आहे, एकच सिलिंडर, रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, त्यामुळे शिकायला याच्याएवढं चांगलं काही नाही, फक्त घाई करायची नाही.

नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट काढ, त्या भोकातून डिझेल आणि एटीएफ म्हणजे पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल अर्धं-अर्धं मिसळून आत सोड आणि आठवडाभर तसंच राहू दे, मधे मधे थोडं घालत राहा. मग पुलीच्या नटावर लांब पाना लावून हळू हळू थोडं पुढं, थोडं मागं. सुटलं की लगेच पूर्ण फिरवू नको, आधी टॅपेट कव्हर म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण उघडून दोन्ही व्हॉल्व्ह खाली-वर होतायत का ते बघ, कारण गंजून अडकलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळला तर पुशरॉड वाकतो. आणि नोझल परत बसवायच्या आधी इंजिन हाताने फिरवून आतलं तेल सगळं बाहेर काढ, तेल राहिलं तर ते दाबलं जात नाही आणि सेल्फ मारल्या मारल्या रॉडच वाकणार. एवढं करून सुटलंच नाही तर हेड उतरव, जोर लावू नको.

हवेवरचं इंजिन आहे म्हणून ब्लोअरचं पत्रं काढून सिलिंडरवरच्या पंख्या म्हणजे फिन साफ करणं अगदी गरजेचं, शेडमधल्या ट्रॅक्टरमध्ये उंदरांनी तिथं घरटं केलेलं असतंच, ते तसंच ठेवून चालू केलं तर इंजिन तापून पुन्हा जाम होईल. ऑइल बाथ एअर क्लिनर धुवून खुणेपर्यंत नवीन तेल भर. टाकी उतरवून आतला गंज काढ, फिल्टर नवा, मग डिझेलच्या लाइनमधली हवा काढ. नोझल पंपवाल्याकडं टेस्ट करून घे आणि टेस्ट चालू असताना फवाऱ्यापुढं हात अजिबात नेऊ नको, त्या दाबाला डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून टाचणीएवढंच दिसतं पण लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे फार कमी लोक सांगतात. वर्षानुवर्षं पडलेल्या डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे इंजिनला किती डिझेल जायचं ते ठरवणारी पट्टी, अडकलेला असतो आणि तो फुल डिझेलवर अडकला असेल तर इंजिन चालू झाल्या झाल्या सुसाट पळतं, बंद करायची दांडी ओढून काही होत नाही. म्हणून चालू करायच्या आधी रॅक हाताने मोकळा सरकतोय ना ते बघ, आणि पहिल्यांदा चालू करताना एक माणूस जाड फळी घेऊन एअर क्लिनरच्या तोंडाशी उभा ठेव, गरज पडली तर फळीने हवा बंद करायची, हाताने किंवा फडक्याने नाही.

चालू होऊन गरम झालं की धूर बघ. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन. हे सगळं जागेवर आल्यावर रंग, कारण गळती काढायला, पॅकिंग बदलायला मशीन दोन-तीनदा तरी उघडावंच लागतं आणि नवा रंग तिथंच उडतो. कंपनीचा मूळ रंग बॅटरी बॉक्सच्या किंवा टाकीच्या खाली झाकलेल्या जागी सापडतो, शेड त्याच्यावरूनच जुळव. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नको, पाणी मारून घास आणि मास्क लाव.

प्रश्न : ऑगस्ट 2019 च्या पुरात आमचा मित्सुबिशी शक्ती पूर्ण बुडाला होता. पाणी ओसरल्यावर धुवून ठेवला, त्यानंतर चालू केलेला नाही. आता दुरुस्त करावा का भंगारात द्यावा? (शिरोळ)

उत्तर : दादा, चालू केला नाही हे फार चांगलं केलंत. तीन सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं साडेअठरा एचपीचं ते छोटं इंजिन द्राक्षबागेत आणि उसाच्या सरीत किती राबलंय ते तुमच्या भागात कुणाला सांगायची गरज नाही, पार्टही मिळतात, म्हणून भंगाराची घाई नको. पण खर्च करायच्या आधी एक गोष्ट बघा. गिअरबॉक्सचं वरचं झाकण उघडा आणि टॉर्च मारून गिअरचे दात बघा. नुसता तांबूस थर असेल तर कामाला लागा, पण दातांवर गंजाचे खड्डे पडले असतील तर सगळी गिअरबॉक्स बदलायला लागेल, आणि मग मी म्हणेन की तो पार्टसाठी ठेवा आणि दुसरा चालता बघा.

दात चांगले निघाले तर इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक सगळ्यांचे ड्रेन बोल्ट हळू हळू ढिले करा, पाणी जड असतं म्हणून आधी पाणी येईल, मग चहासारखं झालेलं तेल. नुसतं तेल बदलून भागत नाही कारण नदीचा गाळ बेअरिंग खाऊन टाकतो, इंजिनचा खालचा चेंबर उतरवून स्ट्रेनर म्हणजे तेलाची जाळी धुवाच. पुढं पिस्टनचं वर कागलच्या भावाला सांगितलं तसंच. चालू झाल्यावर थोडे तास चालवून सगळी तेलं परत एकदा बदला. सेल्फ आणि डायनामो वाइंडिंगवाल्याकडं द्या, तो भट्टीत वाळवून वार्निश देईल. चाकांची बेअरिंग उघडा, आणि निपलमधून जुनं ग्रीस पूर्ण बाहेर पडून नवं दिसेपर्यंत ग्रीस मारा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, शिरोळकडं क्षारपड किती आहे ते तुम्हाला माहितीच आहे, तोच क्षार आत थर धरतो आणि मग इंजिन तापतं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा.

प्रश्न : सासऱ्यांचा एचएमटी 2511 मी आणि माझा मुलगा मिळून चालता करतोय. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (धूर सायलेन्सरकडं नेणाऱ्या नळाला) तडा गेलाय आणि नवीन कुठंच मिळत नाही. वेल्डिंग केलं तर परत फुटलं. (गडहिंग्लज)

उत्तर : ताई, एचएमटीने 1971 ला पिंजोरमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या तंत्रावर ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये सरकारने तो विभाग बंद करायचा निर्णय घेतला, त्यामुळे कंपनीच्या पार्टची वाट बघू नका. पण तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यात राहता, बीड म्हणजे कास्ट आयर्न ओतणाऱ्यांच्या गावाशेजारी, आणि मला मनापासून वाटतं की जुनं मशीन वाचवायला देशात यापेक्षा चांगली जागा मिळणं अवघड आहे.

वेल्डिंग परत फुटलं कारण बीड गार असतानाच साध्या रॉडने मारलं असणार. बीड आधी सगळीकडून सारखं तापवायचं, निकेलचा रॉड वापरायचा, तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे तडा पुढं पळत नाही, आणि वेल्डिंग झालं की राखेत पुरून रात्रभर गार होऊ द्यायचं. पाणी तर दाखवायचंच नाही. तरी मॅनिफोल्ड सारखं गरम-गार होत राहतं, त्यामुळे तडा मोठा असेल तर नवीन ओतून घेणंच बरं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, बनवणारे आहेत, तुटलेला पीस घेऊन त्यांच्याकडं जा. जुना पीसच थेट वाळूत दाबून ओता असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, कारण बीड गार होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणजे 300 मिलिमीटरच्या पार्टमध्ये 3 मिलिमीटर कमी, मग स्टडची भोकं जुळणार नाहीत. पॅटर्नवाल्याकडं त्यासाठी वेगळी वाढीव पट्टी असते. हेडला चिकटणाऱ्या तोंडावर मशिनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर जादा ठेवायला सांगा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या मोठ्या फाउंड्रीत एका नगाला कुणी हात लावणार नाही, छोट्या फाउंड्रीत बोला, दुसऱ्या कुणाची ओत चालू असताना तुमचा साचाही भरून देतील. खर्च मुख्यतः पॅटर्नचा असतो, म्हणून आसपासच्या गावात 2511 वाले शोधा आणि चार-पाच नग एकदम ओतून घ्या. पॅटर्न मात्र स्वतःकडं ठेवा आणि दुसऱ्या कुणाला लागला तर द्या. अशीच मशीनं जगतात.

मुलगा सोबत आहे म्हणून एक सांगतो, जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : व्हिडिओत अमेरिकेतले जुने गार्डन ट्रॅक्टर बघून वेड लागलंय. एखादा मागवावा का? (इचलकरंजी)

उत्तर : वेड लागण्यासारखेच आहेत ते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 ला 7 एचपीचा कब कॅडेट आणला, 1963 ला जॉन डिअरचा 110 आला, साधी पेट्रोल इंजिनं, सगळं हाताने उघडता येतं. पण ते बंगल्याभोवतीचं गवत कापायला आणि बर्फ ढकलायला बनवलेत, आणि वाहतूक, कस्टम धरून किंमत कुठल्या कुठं जाईल, शिवाय कार्ब्युरेटरच्या एका किटसाठीही परदेशात ऑर्डर. माझं मत सरळ आहे, पहिला ट्रॅक्टर आपल्या रानात राबलेला घ्या, ज्याचा मिस्त्री अजून गावात आहे.

प्रश्न : 15 वर्षांवरच्या ट्रॅक्टरची नोंदणी होते का? विंटेज नंबर मिळेल का? (जयसिंगपूर)

उत्तर : फॉर्म 25 भरून, आरटीओत तपासणी करून नूतनीकरण होतं, 5 वर्षांसाठी. 2021 चे विंटेज नियम 50 वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी चारचाकींसाठी आहेत, ट्रॅक्टर त्यात धरू नका. आणि जुना ट्रॅक्टर घेताना आरसी बुक नसेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने उभा असतो, काय काळजी घ्यावी? (गगनबावडा)

उत्तर : तुमच्याकडच्या पावसात सगळ्यात आधी क्लच चिकटतो, प्लेट फ्लायव्हीलला गंजाने धरून बसते. त्यामुळे क्लचचं पेडल पूर्ण दाबून लाकडाचा ठोकळा लावून ठेवा. डिझेलची टाकी गच्च भरा म्हणजे आत हवा राहत नाही आणि दव धरत नाही. सायलेन्सरवर डबा उपडा घाला, बॅटरीची मायनस वायर काढा. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत ओल कोंडते, वर पत्रा आणि चारी बाजूंनी वारं पाहिजे. पंधरा दिवसांनी एकदा ठोकळा काढून, बॅटरी जोडून अर्धा तास चालवा, पाच मिनिटं चालवून बंद केलं तर उलट आत पाणी धरतं, पूर्ण गरम होऊ द्या.