‘अनबॉट अँड अनबॉस्ड’ मराठीत कसे म्हणावे?

अमेरिकी राजकारणी शर्ली चिझम यांच्या १९६८ सालच्या निवडणूक प्रचारातील ‘अनबॉट अँड अनबॉस्ड’ (शब्दशः, विकत न घेतलेली आणि कोणी बॉस नसलेली) या घोषणेचे ‘अविक्रीत आणि अनियंत्रित’ असे भाषांतर चालेल का, अशी विचारणा एका वाचकांनी केली आहे. माझ्या मते दोन्ही शब्द येथे चालणार नाहीत. ‘अविक्रीत’ म्हटले की गिऱ्हाईक न मिळाल्याने दुकानात पडून राहिलेला माल आठवतो, आणि चिझमबाईंना तर आपण विक्रीलाच नाही, असे सांगायचे होते. ‘अनियंत्रित’ ऐकून मला घाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक दिसतो.

खरी अडचण ‘बॉस’ या शब्दाची आहे. मालक या अर्थाच्या ‘बास’ या डच शब्दावरून तो अमेरिकी इंग्रजीत आला. चिझम यांचे न्यूयॉर्कमधले ब्रुकलिनही एके काळी डचांचीच वसाहत होती, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. मात्र तेथील राजकारणात बॉस म्हणजे कचेरीतला साहेब नव्हे. तिकीट कोणाला द्यायचे आणि कोणाला घरी बसवायचे, हे ठरवणारा पक्षयंत्रणेतला पुढारी. १९६८च्या, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत स्थानिक पुढाऱ्यांची पसंती दुसऱ्याच उमेदवाराला होती. त्याला हरवून, आणि पुढे नागरी हक्क चळवळीतले नामवंत नेते जेम्स फार्मर यांचाही पराभव करून, चिझम अमेरिकी काँग्रेसवर (तिकडची काँग्रेस म्हणजे संसद, पक्ष नव्हे) निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

म्हणून मी ‘ना मिंधी, ना ताबेदार’ असे सुचवेन. ‘मिंधी’ या शब्दात पैशाबरोबर उपकाराचे ओझेही येते आणि ‘ताबेदार’मध्ये हुकूम झेलणे येते, शिवाय मुळातल्या दोन ‘अन’चा ठेका दोन ‘ना’ सांभाळतात. ‘बिनविकाऊ, बिनमालकी’ हाही पर्याय मी जिभेवर घोळवून पाहिला, पण ‘बिनमालकी’तून मोकाट गुरांचा वास येतो. इंग्रजी शब्दांना लिंग नाही, मराठीत ‘मिंधी’ म्हणताच बाई समोर उभी राहते. या घोषणेपुरता तो मला लाभच वाटतो.

‘ताबेदार’ नाकारणे नुसते फलकापुरते नव्हते. १९६९ साली प्रतिनिधिगृहात जाताच या शहरी मतदारसंघाच्या बाईंना शेतीविषयक समितीवर टाकण्यात आले. नवख्या सदस्याने मिळेल ते मुकाट्याने घ्यावे, असा शिरस्ता असूनही त्यांनी उघड हरकत घेतली आणि माजी सैनिकांच्या प्रश्नांवरील समिती मिळवली. आपल्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक कितीतरी जास्त आहेत, अशा अर्थाचा त्यांचा टोला तेव्हापासून सांगितला जातो.

नकारांची अशी जोडी त्यांच्या भाषणातही सापडते. १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागताना, आपण कृष्णवर्णीय आहोत याचा अभिमान असला तरी केवळ कृष्णवर्णीयांच्या उमेदवार नाही, आणि स्त्री असण्याचा तितकाच अभिमान असला तरी केवळ स्त्री चळवळीच्याही नाही, असे सांगून त्यांनी स्वतःला अमेरिकेच्या जनतेची उमेदवार म्हटले. तेव्हा भाषांतरात ‘ना… ना…’ ही रचना तरी मोडू नये.

जाता जाता, आडनावातल्या ‘ल’चा उच्चार होत नाही, ‘चिशोल्म’ न लिहिता ‘चिझम’ लिहावे.