टूगलूला यायचं म्हणता, तर...

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या टूगलू कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची ऑफर आहे, पण नाव कोणी ऐकलेलं नाही, त्यात कॉलेज ‘ख्रिस्ती’ आणि ‘काळ्यांचं’, म्हणून घरचे बिचकलेत, यावं का? मी अकरा वर्षं जॅक्सनमध्ये राहते. टूगलू शहराच्या उत्तर टोकाला आहे. माझं मत: या, पण कुठे येताय ते कळून या.

कॉलेज १८६९ चं. अमेरिकन मिशनरी असोसिएशनने एका गुलाम-मालकाचा ५०० एकरांचा मळा विकत घेतला आणि नुकत्याच मुक्त झालेल्यांसाठी तिथे शाळा काढली. मालकाचा वाडा अजून आवारात उभा आहे. (चारच वर्षांनी जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. हे मी इथे सांगते तेव्हा लोक खुर्ची पुढे ओढून ऐकतात.) विद्यार्थी आजही हजाराच्या आतच.

‘ख्रिस्ती’ म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर धर्मांतर येतं ना? इथला इतिहास वेगळा आहे. २७ मार्च १९६१ ला इथले नऊ विद्यार्थी आधी काळ्यांच्या वाचनालयात गेले, तिथे नसलेली पुस्तकं मागितली, मग फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या वाचनालयात जाऊन वाचत बसले. एवढ्यावर अटक! २८ मे १९६३ ला वूलवर्थ नावाच्या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर विद्यार्थी बसले. जमावाने त्यांच्या डोक्यावर केचप, मोहरीचा सॉस, साखर ओतली. सोबत होते जॉन सॉल्टर, तुमच्याच विषयाचे प्राध्यापक. पुढच्या वर्षी कॉलेजची सनदच रद्द करण्याचं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलं. १९६४ च्याच मे महिन्यात राममनोहर लोहिया टूगलूला आले, आणि धोतर नेसून जॅक्सनच्या एका फक्त गोऱ्यांच्या कॅफेटेरियात जेवायला गेले म्हणून पोलिसांनी त्यांना पकडलं. म्हणजे आपला माणूस इथे आधीच येऊन गेलाय.

पण तुम्ही वाचून यावं ते अर्न्स्ट बोरिन्स्कींबद्दल. जर्मनीतून जीव वाचवून निघालेला ज्यू वकील १९४७ ला इथे समाजशास्त्र शिकवायला आला तो १९८३ ला मरेपर्यंत राहिला. त्यांच्या व्याख्यानांना गोरेही येत. बोरिन्स्की आपल्या विद्यार्थ्यांना लवकर बोलावून एकेक खुर्ची सोडून बसवत, म्हणजे गोऱ्या पाहुण्यांना मधल्याच खुर्च्या उरत. कायदा म्हणे वेगळे बसा. यांनी कायद्याशी वाद न घालता खुर्च्या मांडल्या! त्यांची कबर आवारातच आहे.

आता व्यवहाराचं. कॉलेज श्रीमंत नाही, पगाराची तुलना बोस्टनशी करू नका. विद्यापीठं-कॉलेजांतल्या नोकरीसाठी एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या लॉटरीत नशीब अजमावावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण व्हिसाची फी आणि वकिलाचा खर्च कोण भरणार हे लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर मीसुद्धा एकदा पोळलेय (दुसरीकडे). गाडीशिवाय इथे पान हलत नाही. उकाडा कोकणासारखा. २०२२ मध्ये जॅक्सनचं पाणी आठवडेच्या आठवडे उकळून प्यायलो, तेव्हा घर बघताना नळाचं पाणी कुठून येतं ते विचाराच.

ऑफर लेटर आलं की कळवा. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे उतरा.