दमट हवा आहे, पाऊस मात्र नाही

प्रश्न : माझे माहेर चिपळूणचे असून लग्नानंतर मी दुबईला राहते. जून उजाडला की माझे मन थाऱ्यावर राहत नाही. येथे अंगातून घामाच्या धारा वाहतात, एवढा हवेत दमटपणा असतो, तरी आभाळातून थेंब पडत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचे पाणी माहेरच्या घरात शिरले, आईबाबांचे अतोनात हाल झाले. असे असूनही मला पावसाचीच ओढ लागते, याचा मनोमन संकोच वाटतो. आम्ही दर वर्षी दिवाळीत घरी जातो. मी काय करावे?
— एक वाचक, दुबई

उत्तर : संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. ज्यांनी पुरानंतर घरातला चिखल उपसला, ती माणसेही पुढच्या वर्षी मृगाची वाट पाहतात, कारण भाताची लावणी आणि विहिरीचे पाणी त्याच पावसावर अवलंबून असते. तुमच्या आईला विचारून पाहा. नदीची धास्ती आणि पावसाची ओढ तिच्याही मनात एकत्र नांदत असतील.

तुमची हुरहुर नेमकी जूनमध्ये सुरू होते, हे मला महत्त्वाचे वाटते. कोकणात त्याआधीचे दिवस आगोटीच्या तयारीत जातात. सरपण पडवीत रचले जाते, आमसुले आणि सुकी मासळी डब्यांत भरली जाते, पन्हळीतला पाचोळा काढला जातो, आणि मग एके दिवशी वारा फिरून कौलांवर पहिली सर ताडताड वाजू लागते. लहानपणापासून अंगवळणी पडलेली ही वाट पाहण्याची सवय परदेशी गेल्याने सुटत नाही. दुबईत त्याच दिवसांत खिडक्या बंद होतात आणि एसी सुरू होतो. वाट पाहावी असे पुढे काही नसते.

दमटपणा असून पाऊस का नाही, याचे उत्तर असे की आखाताच्या पाण्यावरून येणारे बाष्प जमिनीलगतच्या थरातच अडकून राहते. त्याच्यावर उंचावरून खाली उतरणारी तापलेली, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते आणि ढग उभे राहू देत नाही. तेथे जो थोडा पाऊस पडतो, तो बहुतेक डिसेंबर ते मार्च या काळात. त्या पावसानेही वाळलेली माती दरवळते. तेव्हा खिडकी जरूर उघडा.

मात्र खरा पावसाळा तुमच्या शेजारच्या देशात आहे. ओमानच्या दक्षिणेला सलालाह येथे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ‘खरीफ’ असतो. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारेच तेथील धोफारच्या डोंगरांना अडतात, आणि एरवी करडे असणारे उतार हिरवेगार होतात. रस्त्याकडेला शहाळी आणि केळी विकणारी दुकाने पाहून कोकणच्या माणसाला परके वाटत नाही. तेथे धो धो पाऊस पडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. धुके आणि बारीक भुरभुर, एवढेच असते. दुबईहून गाडीने हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि डोंगरात दाट धुके असते, त्यामुळे शक्य तर विमानाने जावे.

तरीही माझा आग्रह रजेचा काळ बदलण्याबद्दल आहे. दिवाळीत चिपळूणला पोहोचता तेव्हा पाऊस बहुधा परतलेला असतो, भात कापून झालेले असते, आणि ज्यासाठी जीव तळमळतो तेच तुमच्या वाट्याला येत नाही. एखाद्या वर्षी दिवाळी दुबईत करा आणि गणपतीला घरी जा; आईबाबांनाही त्या दिवसांत हाताशी माणूस हवेच असते. शाळांच्या सुटीमुळे जुलै-ऑगस्टमध्ये विमानाचे भाडे चढते, म्हणून पंचांगात तिथी पाहून तिकिटे काही महिने आधीच काढावीत आणि रजेचा अर्जही तेव्हाच द्यावा.