ग्लोव्हज माळ्यावर टाकू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. संघात नाव आलं, पण नुसता फलंदाज म्हणून; किपिंग दुसऱ्याकडे. आणि तू लिहितोस, "सर, आता किपिंग सोडूनच देतो." मला हे अजिबात पटलेलं नाही.

संघात फलंदाज सहा-सात असतात, किपर एकच. त्यामुळे किपरच्या नशिबी ताटकळणं आलंच. ऑस्ट्रेलियाचा किपर ॲडम गिलख्रिस्टसुद्धा न्यू साउथ वेल्स राज्याकडून सुरुवातीला निव्वळ फलंदाज म्हणून खेळला, कारण तिथे यष्टीमागे फिल एमरी होता. मग ग्लोव्हजसाठी तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थला गेला. तरी कसोटीसाठी देशाचा किपर इयन हीली निवृत्त होईपर्यंत थांबावं लागलंच. नोव्हेंबर १९९९ मध्ये पहिली कसोटी खेळला, तेव्हा अठ्ठावीस पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते. दुसऱ्याच कसोटीत, होबार्टला, पाकिस्तानविरुद्ध ३६९ चा पाठलाग आणि ५ बाद १२६. तिथून नाबाद १४९ करून त्याने सामना काढला. पुढे १७ कसोटी शतकं झाली. लोक तीच मोजतात. मी त्याचे यष्टीमागचे ४१६ बळी मोजतो. त्यांतले कितीतरी फिरकीपटू शेन वॉर्नच्या हातभर वळणाऱ्या चेंडूंवर, यष्टीला खेटून उभं राहून घेतलेले. वाट पाहताना हात गंजले असते तर हे जमलं नसतं.

आपल्या मडगावच्या कसोटीपटू दिलीप सरदेसाईंनाही मोठ्या क्रिकेटसाठी मुंबई गाठावी लागली होती. तुझ्यासाठी आज पर्वरीचं मैदान आहे, गोव्याचा स्वतःचा रणजी संघ आहे. हे थोडं नाही.

तुझ्या वयात मीही एक मोसम किपिंगला दिलं नाही तेव्हा रागाने ग्लोव्हज माळ्यावर टाकले. दोन वर्षांनी संधी आली, तर चेंडू तळव्यावर आदळून बाहेर पडायचा. तो आवाज अजून कानात आहे.

आता पावसात मैदान पाण्याखाली असेल. तुमच्या पडवीत चिऱ्याची गिलावा न केलेली भिंत आहे ना? तिच्यावर टेनिसचा चेंडू मार, एका हाताने झेल. चिऱ्याच्या खड्ड्यांमुळे तो कसाही उडतो, हवं तेच. वजन चवड्यांवर ठेव. तू चेंडूआधी उठतोस, ही तुझी जुनी खोड. टप्पा पडल्यावर चेंडूबरोबर ऊठ. बोटं चेंडूकडे रोखू नकोस, मोडतील.

आणि फिरकीला जवळ उभा राहशील तेव्हा हेल्मेट घाल, सरावातसुद्धा. दक्षिण आफ्रिकेचा किपर मार्क बाउचर, त्याच्या नावावर कसोटीत यष्टीमागचे ५५५ बळी. जुलै २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या टाँटनला, साध्या सराव सामन्यात, फिरकीपटू इम्रान ताहिरच्या चेंडूवर उडालेली यष्टीवरची बेल डोळ्यात गेली आणि कारकीर्द तिथेच संपली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

बाईंना नमस्कार सांग. रविवारी सकाळी सातला फोंड्याला ये, ग्लोव्हज आणि हेल्मेट दोन्ही घेऊन.

तुझा,
सर