रिमाइंडर टाकत बसलात तर मुदत निघून जाईल

एका वाचकाने लिहिलंय की नदीचं पाणी तळमजल्यावरच्या घरात कमरेएवढं शिरलं, होम इन्शुरन्स होता, पण कंपनीला कळवायला अकरा दिवस लागले म्हणून क्लेम नाकारला, त्याला आता चौदा महिने झाले, तेव्हापासून हे मेलवर मेल टाकतायत आणि दर वेळी "आपली तक्रार विचाराधीन आहे" एवढंच उत्तर येतं, तर पुढे काय करू. पावसाळा आटोपला की असे प्रश्न ढिगाने येतात.

पूर पॉलिसीत बसतो का वगैरे सांगत बसत नाही, बसतो, आणि कंपनीनेही ते नाकारलेलं नाही. तुमचं सगळं अडलंय ते तारखेवर. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, बास. तुम्ही मेल किती पाठवले याच्याशी त्या दोन वर्षांना काही देणंघेणं नाही. जुन्या कायद्यातही हीच मुदत होती आणि 2009 मध्ये आगीच्या एका क्लेममध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की मागाहून नोटीस पाठवली, कंपनीने त्याला उत्तर दिलं म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही. त्या केसमध्ये तर मुदत आग लागली त्या दिवसापासून मोजली! साधारणपणे नकाराच्या पत्रापासून मोजतात, पण समोरचा वकील हा मुद्दा काढणारच, म्हणून तुम्ही पूर आला त्या दिवसापासून मोजा आणि त्याच्या आत तक्रार दाखल करा. उशीर माफ करायची सोय कायद्यात आहे, पण त्याला सबळ कारण लागतं आणि "कस्टमर केअर म्हणाले थांबा" हे सबळ कारण मानतीलच याची मी खात्री देणार नाही.

खरं तर तुम्ही आधी विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायला हवं होतं. फुकट काम, वकील तिथे चालतच नाही, म्हणजे माझ्यासारख्याचा खर्चही वाचला असता. पण तिथे नकारानंतर एका वर्षात जावं लागतं आणि ते वर्ष तुम्ही मेल टाकण्यात घालवलंत. उशीर माफ करायचा अधिकार लोकपालालाही आहे, मागून बघा हवं तर, पण त्या नादात ग्राहक आयोगाची मुदत घालवू नका.

आता अकरा दिवसांचं. आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, 20 सप्टेंबर 2011 चं परिपत्रक आहे, कळवायला उशीर झाला तो टाळता येण्यासारखा नव्हता तर केवळ तेवढ्यावरून खरा क्लेम नाकारू नका असं कंपन्यांना सांगितलंय. लाईट नव्हती, फोन बंद, तुम्ही निवारा केंद्रात, हे सगळं खरं असेल तर ते कागदावर आणा, निवारा केंद्रातली नोंद, महसूल खात्याचा पंचनामा, त्या दिवसांच्या पावसाची हवामान खात्याची आकडेवारी, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. पंचनामा सरकारी मदतीसाठी झाला असला तरी पुरावा म्हणून इथेही चालतो, नक्कल काढून घ्या.

मला राग आला तो तुमच्या पत्रातल्या एका वाक्याचा, "सर्व्हेअर यायच्या आधीच भिजलेलं फर्निचर आणि फ्रिज भंगारात दिला". अहो निदान फोटो तरी काढायचे! वास येतो, घाण होते, कळतं मला, पण आता त्या वस्तूंची किंमत सिद्ध कशी करणार. जुनी बिलं, बँक स्टेटमेंट, घरातल्या कार्यक्रमाच्या फोटोत मागे दिसणारं कपाट, जे मिळेल ते जमवा, किती धरतील ते आयोगावर. सर्व्हे रिपोर्टची, म्हणजे सर्व्हेअरने नुकसान पाहून दिलेल्या अहवालाची, प्रतही कंपनीकडे लेखी मागा.

तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि फी क्लेमवर नाही तर भरलेल्या प्रीमियमवर ठरते, 5 लाखांपर्यंत शून्य. निकाल तीन महिन्यांत लावायचा असं कायद्यात लिहिलंय, हसू नका, लिहिलंय खरंच, प्रत्यक्षात वर्षं धरून चाला. मध्येच कंपनी थोडीफार रक्कम देऊन "फुल अँड फायनल"वर सही मागेल, तर मुकाट्याने सही करू नका, घ्यायचीच असेल तर हरकत नोंदवून घ्या, नंतर दबावाखाली सही केली हे सिद्ध करणं फार जड जातं.

आणि नकाराचं पत्र मेलने आलं की पोस्टाने, कोणत्या तारखेला मिळालं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आज तेवढं शोधा, पाकीट टाकलं नसेल तर तेही जपून ठेवा.