चर्चमध्ये गरिबांना मदत करणारा ग्रुप असताना वेगळी 'न्याय आणि शांती' कमिटी कशाला लागते?

दोन्ही लागतात हो, कामं वेगळी आहेत. मदतीचं काम म्हणजे आज ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याला रेशन, औषधं, पोरांची फी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी हेच करते, १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत सुरू केली, आणि त्यांची पद्धत मला फार आवडते, दोघं दोघं मिळून घरी जायचं, बसून नीट ऐकून घ्यायचं आणि कुणाला काय दिलं ते बाहेर बोलायचं नाही, कारण माणसाची अब्रू पण जपायची असते ना.

पण समजा त्या घरातल्या बाईचा पगार मालकाने तीन महिने दाबून ठेवलाय, तर रेशन देऊन किती दिवस भागणार? तिथे दुसरी कमिटी येते, तिला अर्ज लिहून देते, लेबर ऑफिसला सोबत जाते, वस्तीत दोन समाजांत तणाव असेल तर दोघांना एकत्र बसवते. कॅथलिक चर्चमध्ये पोप पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये यासाठी खास आयोगच नेमला होता.

तुम्हाला जॉइन व्हायचं असेल तर आधी घरभेटींना जा, लोकांच्या खऱ्या अडचणी तिथेच कळतात.