जीज बेंडच्या गोधड्या

प्रश्न : जुन्या कपड्यांच्या गोधडीला कला म्हणावे का?

उत्तर : निःसंशय म्हणावे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय शेतकरी स्त्रियांनी निव्वळ थंडीच्या निवारणासाठी, विटलेल्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या; काहींत पँटचा खिसा उसवल्यावर उघडा पडलेला गडद निळा चौकोन तसाच दिसतो, आणि साऱ्या रचनेचा तोल जणू त्यावरच सांभाळलेला असतो. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात त्या भिंतीवर टांगल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली (जरा उशिराच, असे आमचे मत). वरचा जोडकामाचा भाग बहुधा एकटीने मनाप्रमाणे रचायचा, टाके मात्र शेजारणींनी मिळून घालायचे, अशी तेथील रीत होती. याच सहवासाच्या बळावर, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली.